बंदीतली कोलंबी

प्लेनो, टेक्सस
२४ मे २००४

प्रिय शुभावहिनी,

ईमेल तुम्ही उघडत नाही आणि फोनवर माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरमधले कागद ढापून पत्र लिहायला बसलेय. हसू नका.

बातमी अशी, की तुमचे दीर यंदा इथल्या मंडळाचे प्रेसिडेंट झालेत. झाल्यापासून घरात नुसत्या मीटिंगा, आणि मी चहा करून करून थकले. यंदा अधिक श्रावण आलाय ना, म्हणजे लागोपाठ दोन महिने लोक मासे सोडणार. म्हणून सुशांतने ठरवलंय की श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, १७ जुलैला, जंगी गटारी करायची. शनिवारच आलाय, यार! पार्कातला मोठा पॅव्हिलियन बुक केलाय. तीनशे लोक. कोलंबीचं खडखडलं, कोलंबीभात, तळलेलं पापलेट, सोलकढी. तिकीट बारा डॉलर.

केटरिंग तुम्हीच करावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. न्यू जर्सीत तुमच्या माशांच्या ऑर्डरीसाठी लोक दोन-दोन महिने थांबतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. या, दोन दिवस राहा आणि परत जाताना आईंना बरोबर घेऊन जा. त्या मुंबईहून आल्यापासून रोज विचारतात, 'शुभाकडे कधी जायचं?' माझ्या हातचा टिलापिया खातात, पण औषध घेतल्यासारखं तोंड करून. ऑगस्टभर तुमच्याकडे राहायचं म्हणतायत.

लवकर कळवा, फ्लायर छापायचाय.

तुमची धाकटी जाऊ,
रेणू

*

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२ जून २००४

रेणू,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोक्यात तिडीक गेली.

अगं, सतरा जुलैला ताजी कोलंबी आणायची कुठून? तुमच्या टेक्ससच्या समुद्रात मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत कोलंबीला बंदी असते. पिल्लं खाडीतून बाहेर पडून मोठी होत असतात, म्हणून जाळी टाकू देत नाहीत. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तेच हे. बंदी उठली की थोड्याच दिवसांत बाजार भरतो, माल ताजा, भाव खाली. आणि नेमकी तेव्हाच तुम्ही मंडळी श्रावणाच्या नावाने हात जोडून बसणार! बंदीत खायचं आणि हंगामात उपास करायचा, हे डोकं कोणाचं? भाऊजींचंच असणार.

मग तुमच्या पानात काय पडणार ते ऐक. कुठल्या तरी तळ्यात वाढवलेली, पावडरीच्या पाण्यात भिजवून टम्म फुगवलेली, पातेल्यात पडली की अर्धी होणारी कोलंबी. आणि पापलेट? मागच्या महिन्यात मी एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात गेले होते. पापलेट दाखव म्हटलं, तर त्याने फ्रीझरमधून खोका ओढला. तळाचा बर्फ पिवळा. दोन-दोन पापलेटं एकमेकांना चिकटून एक झालेली, डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं. वाटेत वितळलेला माल परत गोठवलेला. मी नाकाला रुमाल लावला, तर म्हणतो, 'मॅडम, मसाला डाला तो सब सेम.' घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी केसांना वास. आणि हेच लोक लग्नात मिटक्या मारत खातात गं! मला त्या खोक्यापेक्षा त्या मिटक्यांची जास्त किळस येते.

मी येईन, पण तारीख ३१ जुलै कर. अधिकात आपल्या घरी आईंनी कधी मासे सोडलेले नाहीत, विचार त्यांना. ते जमत नसेल तर सतरालाच कर, पण कोलंबी नको. एक जुलैपासून तुमच्याकडे किंगफिश धरतात, आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ. ताजा मिळेल, तुमच्या तिकिटात बसेल. कालवण करू, तुकड्या तळू. पापलेटावाचून कोणी मरत नाही.

आईंची खोली तयार आहे. त्या येणार म्हणून ऑगस्टातली एकही मोठी ऑर्डर घेतली नाही. तुला म्हणून सांगते, बाहेरचे लोक माझं जेवण वाखाणतात त्याचं मला काही नाही. आईंनी एकदा माझ्या हातचा मासा खाऊन 'जमलं' म्हणावं, एवढीच इच्छा आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. 'बरं आहे' म्हणतात, 'ठीक' म्हणतात. जमलं म्हणून अजून म्हटलेलं नाही. यंदा म्हणतात का बघू.

शुभा

*

प्लेनो
१९ जून २००४

प्रिय शुभावहिनी,

तुमचं पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. (डोक्याबद्दलचं वाक्य गाळलं.)

३१ जुलै म्हटल्यावर जे काय पेटलं! आमचे ट्रेझरर विष्णूकाका म्हणाले, अधिक म्हणजे देवाचा महिना, त्यात मासे खाल्ले तर दुप्पट पाप. नागपूरचा एक जण म्हणाला, आम्ही दोन्ही श्रावणांत चिकन खातो, आम्हाला काय झालं? तासभर त्यावरच भांडण. शेवटी सुशांतने टेबलावर हात आपटला, पॅव्हिलियन कॅन्सल केलं तर डिपॉझिट बुडतं, तारीख तीच. आणि किंगफिशला सगळ्यांनी नाक मुरडलं. पापलेट-कोलंबी नसेल तर त्याला गटारी कोण म्हणेल?

तेव्हा वहिनी, तुम्ही उगीच त्रास घेऊ नका. सुशांतने एक डीलर गाठलाय, तो ह्यूस्टनहून ट्रक घेऊन येतो. माल एकदम फ्रेश-फ्रोझन आहे म्हणे. रांधायला इथल्या चार बायका आहोत. तुम्ही फक्त तुमचा मसाला पाठवा, चांगला पाच पौंड. आईसुद्धा म्हणाल्या की मसाला शुभाचाच हवा.

रागावला नाहीत ना?

रेणू

*

वेस्ट विंडसर
२८ जून २००४

रेणू,

रागावले आहे. विचारतेस काय!

फ्रेश-फ्रोझन म्हणे. ब्रह्मचारी नवरा म्हणण्यातला प्रकार आहे हा. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, 'वहिनी, तुम्ही फार इमोशनल होता, हे सप्लाय-डिमांड आहे.' डोंबल! त्यांनी आयुष्यात एक मासा स्वतः निवडून आणला नाही, आणि मला बाजार शिकवतायत.

मसाला पाठवतेय, तो आईंनी मागितला म्हणून. आता नीट वाच. माल फ्रीजमध्येच हळूहळू वितळू दे. पाण्यात टाकायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. वितळला की आधी आईंना पुढे बसव. त्यांनी नकारार्थी मान हलवली तर सगळं फेकून द्यायचं, लोकांचे पैसे परत करायचे आणि वरणभात वाढायचा. पिवळा बर्फ, अमोनियाचा वास, बोटाला बुळबुळ, ह्यातलं काहीही दिसलं तर माझा मसाला बाहेर काढू नकोस. मसाला माशाला लावायचा असतो, मढ्याला नाही.

आणि माझं नाव कुठेही घालू नका. मी रांधलेलं नाही, मी पाहिलेलं नाही.

आईंचं ऑगस्टचं तिकीट काढलंस का?

शुभा

*

प्लेनो
२५ जुलै २००४

प्रिय शुभावहिनी,

सुपरहिट! तीनशे चाळीस लोक आले. ऊन म्हणजे नुसती भट्टी, तरी लोक रांगेत उभे. कोलंबीभाताचं पातेलं लोकांनी खरवडून खाल्लं. सगळे विचारत होते, मसाला कुठला, मसाला कुठला. सुशांत तर हवेतच आहे.

आईंना स्टेजवर बोलावून दोन शब्द बोलायला लावलं, काय टाळ्या पडल्या!

एकच सांगायचं होतं. आईंचं पोट जरा नरम आहे, उन्हामुळे असेल. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. म्हणून ऑगस्टचं तिकीट तूर्त पुढे ढकललंय. प्लीज वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही ऑर्डरी सोडल्यात हे मला माहीत आहे.

फोटो पाठवतेय. मधोमध उभा आहे तो तुमचा दीर, ओळखलात ना?

रेणू

*

वेस्ट विंडसर
२ ऑगस्ट २००४

रेणू,

फोटो मिळाले. भाऊजींना ओळखलं. त्यांच्या डोक्यावर बॅनर आहे, तोही फोटोत आलाय, तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. 'न्यू जर्सीच्या सुप्रसिद्ध शुभा दिघे यांच्या किचनमधून.'

हा फोटो हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दूध उतू गेलं.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर! काल तुमच्या शेजारच्या फ्रिस्कोहून कोणा संध्याचा फोन. ओळख ना देख. 'काकू, तुमची कोलंबी इतकी मस्त होती ना! माझ्या नवऱ्याला रात्रभर जुलाब झाले, पण तो बिअरच जास्त प्यायला होता.' म्हणे त्यांच्या ओळखीतल्या आणखी चार घरांत तेच. सगळ्यांनी बिअरला दोष दिला. पोटातून घाण बाहेर पडली आणि तोंडाने माझी स्तुती. शी! मी फोन ठेवून हात धुतले, खरंच धुतले.

संजयने भावाला फोन केला. उत्तर काय मिळालं? 'अरे दादा, वहिनीचं ब्रँडिंग झालं की फुकटात, चिल.' माझ्या नावावर नासका माल खपवला, आणि वर मी उपकार मानायचे. नावच शिल्लक ठेवलं नाही गं माझं तुम्ही.

ती संध्या आणखी एक म्हणाली. 'तुमच्या सासूबाईंनी माइकवर तुमचं किती कौतुक केलं!' आई काय म्हणाल्या? शब्दन् शब्द लिही. आणि त्यांना नेमकं काय झालंय तेही लिही. उन्हाचं मला सांगू नकोस, त्यांनी सत्तर वर्षं मुंबईचं ऊन काढलंय.

शुभा

*

प्लेनो
१५ ऑगस्ट २००४

वहिनी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

गुरुवारी संध्याकाळी ट्रक आला. खोके इतके, की फ्रीजमध्ये मावेनात. सुशांतने आईंच्या बाथरूममधला बाथटब कोमट पाण्याने भरला आणि सगळी कोलंबी त्यात ओतली. हो, बाथटब. जिथे आई सकाळी आंघोळ करून स्तोत्र म्हणतात. तासाभरात पाणी राखाडी झालं, वर फेस आला. वास कार्पेटमध्ये गेला, पडद्यांत गेला, अजून आहे.

मी आईंना बोलावलं. त्यांनी एक कोलंबी उचलली, बोटाने दाबली, नाकाजवळ नेली. म्हणाल्या, 'कुजलीय. फेक.' सुशांत म्हणाला, 'आई, लोकांचे पैसे घेतलेत.' त्या म्हणाल्या, 'मग परत दे.' तो म्हणाला, 'माझी इज्जत जाईल.' मग आम्ही चौघींनी ती व्हिनेगरने धुतली, लिंबाने धुतली, आणि तुमचा पाच पौंड मसाला सगळाच्या सगळा त्यात घातला. तुम्ही मढ्याचं लिहिलं होतंत. वाचलं होतं मी. तरी माझ्या हातांनी केलं.

त्या रात्री सुशांत आईंच्या खोलीत बराच वेळ बसला होता. काय बोलला माहीत नाही. शनिवारी स्टेजवर त्याने आईंच्या हातात ताट दिलं आणि तोंडाजवळ माइक धरला. आईंनी सगळ्यांसमोर एक कोलंबी खाल्ली, गिळली आणि म्हणाल्या, 'शुभाला जमलं.'

एवढंच म्हणाल्या. टाळ्या थांबेनात.

उन्हाने काही झालं नाही. त्या आठवडाभर अंथरुणात होत्या. बिअरला दोष द्यायला त्या बिअर पीत नाहीत. आता चालतात-फिरतात, पण तुमचा विषय काढला की उठून जातात. परवा म्हणाल्या, 'मला इथूनच मुंबईला पाठव. शुभाला तोंड कसं दाखवू?'

मला तुमची माफी मागायचा हक्क नाही.

रेणू

*

वेस्ट विंडसर
२४ ऑगस्ट २००४

ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार,

रेणूने सगळं लिहिलं. तुम्हाला गोड बोलून फसवायचं नाही म्हणून सांगते, मला राग आलाय. तुमचासुद्धा. ज्या एका शब्दासाठी मी सत्तावीस वर्षं तुमच्या तोंडाकडे पाहत पानात वाढत आले, तो तुम्ही बाथटबातल्या घाणीवर उधळलात. दोन दिवस मी भांडी आपटत होते. संजय घरात पाय न वाजवता फिरत होता.

तुम्ही मुलाकरता बोललात हे कळतं मला. मुलगा स्टेजवर उभा, समोर तीनशे माणसं, तोंडाजवळ माइक. आईने काय करावं? तुमच्या जागी मी असते तर मीही... नाही, मी बोलले नसते. जाऊ दे.

मुंबईला परस्पर गेलात तर मात्र मी कधी माफ करणार नाही. इकडे या. मला तो शब्द आता नको, तुम्ही पाहिजे आहात. हंगाम चांगला आहे, किनाऱ्यावर रोज ताजं उतरतं. तुम्हाला मी बोटीवरून मासा निवडायला नेणार आहे, तुम्ही भाव करा, मी पिशवी धरते.

तो माल कोणाचा होता हे प्लेनोच्या लोकांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं तर म्हणतील, धंद्यासाठी बोलतेय.

तुमची,
शुभा

*

प्लेनो
१९ सप्टेंबर २००४

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र आईंनी उशाखाली ठेवलं होतं. मला वाचू दिलं नाही, पण काल काय झालं त्यावरून अंदाज आला.

काल मंडळाचा गणपती होता. आरती झाली, प्रसाद वाटायच्या आधी आई स्वतः उठून स्टेजवर गेल्या आणि सुशांतकडे माइक मागितला. त्याला वाटलं, आशीर्वाद देणार. आई म्हणाल्या, 'गणपतीसमोर सांगते. गटारीला मी खोटं बोलले. ते जेवण शुभाचं नव्हतं. कोलंबी कुजलेली होती, मला आधीपासून माहीत होतं. माझ्या मुलाने आणली आणि मी त्याच्यासाठी खाल्ली. तुमची पोटं बिअरने बिघडली नव्हती.'

मी डोळे मिटले. म्हटलं, आता लोक पेटणार.

तर विष्णूकाका मागून ओरडले, 'मावशी, जे काय होतं ते झकास होतं!' आणि सगळे हसले, वहिनी! हसले आणि टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, 'सो क्यूट!' दुसरा म्हणाला, 'नेक्स्ट इयर पण सेम माल!' आई माइक हातात घेऊन तशाच उभ्या, आणि शेजारी सुशांत, तोही हसतोय, तोही टाळ्या वाजवतोय. त्या टबात कोपरापर्यंत हात घातले होते मी, तेव्हाही इतकी शिसारी आली नव्हती. माझ्या नवऱ्याचे ते दात दिसत होते आणि मला वाटत होतं, इथून पळून जावं.

गाडीत आई एवढंच म्हणाल्या, 'रेणू, माझं शुभाकडचं तिकीट काढ.' बुधवारी दुपारी नेवार्कला उतरतील. गरम शाल बॅगेत घातलीय.

पुढच्या गटारीचा ठराव पास झालाय. डीलर तोच.

रेणू

*

वेस्ट विंडसर
२७ सप्टेंबर २००४

रेणू,

आई सुखरूप पोचल्या. मला मिठी मारून एअरपोर्टवरच रडल्या, मीही रडले. संजय बॅगा घेऊन लांब उभा राहिला. झालं, त्या विषयावर आमच्यात आता काही उरलं नाही.

पण तुला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. नुकतीच आलेली बोट होती. मी सी बास निवडला, कल्ले लालभडक, अंग ताठ. आई गाडीतून उतरल्या नाहीत, म्हणाल्या, पाय दुखतायत. घरी येऊन मी तो हिरव्या वाटणात केला. इतका चांगला मासा माझ्या हातून फार क्वचित झालाय, हे मी माझं मलाच सांगते. आईंनी तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि ताटात ठेवला. म्हणाल्या, 'शुभा, ह्याला वास येतोय गं.'

मी हुंगला. समुद्राशिवाय कसला वास नव्हता. संजयने दोन तुकडे खाल्ले.

काल शिंपल्या आणल्या, तोंडं मिटलेल्या, जिवंत. आईंच्या देखत चुलीवर ठेवल्या. वाफ आली तशी त्या उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन ओकल्या. मी पाठ चोळत होते. म्हणाल्या, 'माल चांगला आहे, मला कळतंय. माझं नाकच नासलंय. डोळे मिटले की तो टब दिसतो.' सोडे भाजल्याच्या वासाने दुपारच्या झोपेतून उठून यायची ही बाई, रेणू. कोळणीच्या पाटीतला मासा लांबून बघून भाव सांगायची. तिला आता वाफ सोसत नाही. ह्यावर औषध असेल तर मला ठाऊक नाही.

आज तुमच्या विष्णूकाकांचा फोन आला. पुढच्या वर्षी मी जातीने यावं म्हणतात, 'पण चव तीच पाहिजे हं, गेल्या वेळची.' त्यांना मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू मात्र तुला वाटेल तेव्हा इकडे ये, तिकीट मी काढीन.

आणि भाऊजींना निरोप दे. आई बऱ्या आहेत म्हणावं. दोन्ही वेळा दहीभात खातात.

शुभा